वादळ आलं तर मोटरहोममध्ये राहायचं का?

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत ह्यूस्टनजवळ राहतो. आम्ही दोघं एक वर्षाआड मे महिन्यात तिकडे जातो आणि दिवाळीच्या आत परततो. गेल्या खेपेला गेलो तर दारात बसएवढी गाडी उभी. आत ओटा, फ्रिज, पलंग, संडास-बाथरूम, सगळं. मुलगा म्हणतो, "आई, फिरायला आहेच, पण वादळात घराचं काही झालं, लाइट गेले, तर हेच आपलं दुसरं घर." सूनबाई म्हणते, वादळात पत्र्याच्या डब्यात जाऊन बसायचं ही कुठली अक्कल! दोघांचं पटत नाही आणि मध्ये मी सापडले आहे. यजमानांना मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे, म्हणून नुसत्या कुतूहलाने विचारत नाही. खरं कोणाचं? आणि आपल्या कोकणातल्या घरासाठी असं काही करता येईल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : वादळ अंगावर असेपर्यंत सूनबाईंचं शंभर टक्के खरं. ते येण्याआधी आणि ओसरल्यानंतर मुलाचं बरंचसं खरं. त्यामुळे दोघांची समजूत घालायला तुम्हाला फार त्रास पडू नये.

ज्यांनी अशी गाडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मुंबईत शूटिंगच्या जागी उभी असते ती व्हॅनिटी व्हॅन डोळ्यांसमोर आणा आणि तिच्यात स्वयंपाकाचा ओटा टाका. अमेरिकेत या प्रकाराला सरसकट आर.व्ही. म्हणतात. स्वतःचं इंजिन असलेली ती मोटरहोम, आणि पिकअप ट्रकच्या मागे जोडून न्यायचा तो ट्रेलर. तुमच्या वर्णनावरून मुलाकडे मोटरहोम असावी.

सूनबाई तिला पत्र्याचा डबा म्हणाल्या, पण खरं तर पत्राही नावापुरताच. वजन कमी ठेवायचं असल्यामुळे भिंती लाकडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर पातळ फायबरग्लास चढवून, मध्ये फोम भरून केलेल्या असतात. उंची दहा-बारा फूट, बाजू सपाट. अटलांटिकमधल्या वादळाचा वारा ताशी ६३ किलोमीटरवर गेला की त्याला नाव मिळतं, आणि ११९ वर गेला की ते हरिकेन होतं. हरिकेनपर्यंत थांबायचीही गरज नाही. आडवा वारा त्याच्या बऱ्याच आधी अशी गाडी पुलावरून नेणं धोक्याचं करतो. उभी केलेली गाडी कलंडू शकते, शेजारचं झाड पडलं तर छत फाटतं. शिवाय हरिकेनच्या पोटात टेक्सासच्या किनाऱ्यावर छोटे टॉर्नेडोही निघतात. म्हणूनच तिकडच्या सरकारी सूचनांत आर.व्ही. आणि मोबाइल होममध्ये, म्हणजे कारखान्यात बनवून जागेवर आणून ठेवलेल्या हलक्या घरांत, राहणाऱ्यांना नेहमीच सांगितलेलं असतं, बाहेर पडा आणि पक्क्या इमारतीत जा. घर कितीही जुनं असो, वारा सुटल्यावर त्यातली आतली, बिनखिडकीची खोली गाडीपेक्षा बरी.

पाण्याचंही तेच. ऑगस्ट २०१७ च्या हार्वी वादळात ह्यूस्टन परिसरात चार-पाच दिवसांत बऱ्याच ठिकाणी मीटरभर पाऊस झाला. त्याच वादळात टेक्सासमधल्या नेदरलँड गावी तर दीड हजार मिलिमीटरच्या वर नोंद झाली. आपल्याला २६ जुलै २००५ ची मुंबई आठवते, सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर. त्या दिवशी काही माणसं बंद गाडीत अडकून गुदमरून गेली हेही आठवत असेल. वाहतं पाणी दोन फूट असलं तरी बहुतेक गाड्या वाहून जातात, मोठ्यासुद्धा. गाडीत ओटा आणि पलंग आहे म्हणून पाणी तिला वेगळा न्याय देत नाही.

आता मुलाची बाजू. या गाडीची खरी ताकद तिच्या चाकांत आहे. वादळ तीन-चार दिवस आधी कळतं. तेवढ्या वेळात ती गाडी, म्हातारे आईवडील, औषधं आणि कागदपत्रं घेऊन दोन-तीनशे किलोमीटर आत जाता येतं. तिथे हॉटेलची खोली मिळाली नाही तरी अडत नाही. पण निघायचं ते सगळे निघण्याआधी. सप्टेंबर २००५ मध्ये कॅटरिना वादळाला महिनाही झाला नव्हता, तोवर रिटा येतंय म्हणून ह्यूस्टन आणि किनाऱ्यावरची पंचवीस-तीस लाख माणसं एकदम रस्त्यावर आली. रांगा शेकडो किलोमीटर लांबल्या. भर उन्हात तासन् तास गाड्या जागच्या हलल्या नाहीत, पेट्रोल संपलं. त्या पळापळीत शंभरावर माणसं दगावली. डॅलसजवळ वृद्धाश्रमातल्या लोकांना घेऊन निघालेल्या बसला आग लागून तेवीस जण गेले. आणि वादळ शेवटी वळून पूर्वेला निघून गेलं. मोटरहोमला शंभर किलोमीटरला पंचवीस-तीस लिटर पेट्रोल लागतं, त्यामुळे अशा रांगेत ती इतरांच्या आधी अडकते. मुलाला विचारा, तू कोणत्या दिवशी निघणार? "बघू, वादळ कुठे वळतंय ते" हे उत्तर चालणार नाही.

आणि वादळ ओसरल्यानंतर ही गाडी कामाला येते ती अशी. ८ जुलै २०२४ ला बेरिल वादळ टेक्सासच्या किनाऱ्यावर धडकलं. ताकदीने ते पहिल्या श्रेणीचंच होतं, पण ह्यूस्टन परिसरात बावीस लाखांहून जास्त ग्राहकांचे लाइट गेले, आणि कित्येकांचे आठवडाभर आले नाहीत. घरं उभी होती, भिंतींना काही झालं नव्हतं. पण जुलैतला ह्यूस्टनचा उकाडा म्हणजे मुंबईचा मे महिना, आणि तिकडची घरं एसी गृहीत धरून बांधलेली. खिडक्या उघडून वारा येईल अशी त्यांची रचनाच नसते. त्या आठवड्यात वादळातून वाचलेली काही माणसं उष्म्याने गेली. अशा वेळी दारात जनरेटर आणि छतावर एसी असलेली गाडी उभी असेल तर तुमच्या यजमानांसारख्यांसाठी ती रात्रीची झोप आहे आणि इन्सुलिनचा फ्रिजही.

एसी किती वेळ चालेल हा हिशेब मात्र मुलाने करून ठेवलेला असावा. बॅटरीवर एसी चालेल या भ्रमात बरेच जण असतात. साध्या १२ व्होल्टच्या, १०० अँपिअर-अवरच्या लेड-ॲसिड बॅटरीत कागदावर १२०० वॉट-तास असतात, आणि ती टिकावी असं वाटत असेल तर त्यातले निम्मेच वापरायचे. छतावरचा एसी चौदाशे-पंधराशे वॉट ओढतो. म्हणजे अर्धा तासही नाही. बॅटरी आहे ती दिवे, पंखा, पाण्याचा पंप आणि मोबाइलसाठी. एसीला जनरेटरच लागतो. मोटरहोममधला जनरेटर गाडीच्याच टाकीतलं पेट्रोल पितो, एसीचा भार असला की तासाला दोन लिटरच्या आसपास. इथे गाडी बनवणाऱ्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केलेली आहे. जनरेटरची नळी टाकीच्या तळाशी न नेता साधारण पाव टाकीच्या उंचीवर सोडलेली असते. पेट्रोल तिथवर उतरलं की जनरेटर आपोआप बंद पडतो, आणि उरलेल्या पाव टाकीत गाडी चालवत बाहेर पडता येतं. दोनशे लिटरची टाकी भरलेली असेल तर दीडशे लिटर जनरेटरला, म्हणजे पंच्याहत्तर तास. फक्त रात्री एसी लावलात तर आठवडा निघेल. पण टाकी भरलेली असेल तर! पेट्रोलपंपालाही वीज लागते.

विजेपेक्षा आधी संपतं ते पाणी, आणि त्याहीआधी भरते ती मोरीची टाकी. अशा गाडीत तीन टाक्या असतात, एक ताज्या पाण्याची, एक मोरीच्या सांडपाण्याची, एक संडासची. ताज्या पाण्याची दीडशे लिटर धरली तर ऐकायला भरपूर वाटतं. चार माणसं रोज अंघोळ, भांडी आणि आपल्या पद्धतीने वरण-भात-पोळी-भाजी करायला लागली की दोन दिवसांत सांडपाण्याची टाकी तोंडोतोंड भरते. ती रस्त्यावर किंवा पावसाच्या गटारात सोडायची नसते, गुन्हा आहे. ठरावीक जागी नेऊन रिकामी करायची, आणि त्या जागाही वादळानंतर बंद असू शकतात. म्हणून तुमच्या घरातले नळ आणि संडास चालू असतील तर आंघोळ-संडास घरातच करा. गाडीत फक्त झोपा, औषधं ठेवा, चहा करा. बरेच अनुभवी लोक असंच करतात.

इन्सुलिनचं म्हणाल तर गाडीतला फ्रिज कोणता आहे ते विचारून घ्या. जुन्या पद्धतीचे फ्रिज गॅसच्या छोट्या ज्योतीवर चालतात. वीज जेमतेम लागते, म्हणून लाइट गेल्यावर ते वरदानच. पण गाडी तिरकी उभी असेल तर ते नीट गार होत नाहीत आणि फार उन्हात दमतात. नवे फ्रिज बॅटरीवर चालतात, ते बॅटरी खातात. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं. उघडलेलं बहुतेक प्रकारचं इन्सुलिन साधारण चार आठवडे ३० अंशांखाली चालतं, पण तुमचं नेमकं कोणतं आहे ते डॉक्टरांकडून नाशिकमध्येच लिहून घ्या. आणि फ्रिजमध्ये एक साधा थर्मामीटर ठेवा.

हिवाळ्यात तुम्ही तिथे नसता, पण मुलगा असतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये हिमवादळ आलं, ह्यूस्टनचा पारा उणे दहाच्या आसपास गेला आणि राज्यभर पंचेचाळीस लाखांच्या वर घरं अंधारात गेली. तेव्हाही आर.व्ही.वाल्यांना वाटलं, आपल्याकडे गॅसचा हीटर आहे. तो आहे खरा, पण गरम हवा फिरवणारा पंखा बॅटरीवर चालतो. कडाक्याच्या एकाच रात्रीत बॅटरी उतरते आणि भरलेल्या सिलिंडरशेजारी माणूस कुडकुडत बसतो. गाडीच्या पोटाखालचे पाण्याचे पाइप गोठून फुटतात ते वेगळंच.

त्याच आठवड्यात टेक्सासमध्ये कार्बन मोनॉक्साइडने माणसं मेली, हे तुमच्या घरातल्या सगळ्यांनी नीट ऐकावं. कोणी गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून ऊब घेत होतं, कोणी घरात कोळशाची शेगडी पेटवली होती. या वायूला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, झोप येते आणि माणूस उठत नाही. जनरेटर चालू असताना गाडी घराच्या खिडकीला किंवा भिंतीला चिकटून उभी नको. धूर बाहेर पडतो त्या बाजूची खिडकी बंद हवी. आतला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू हवा. या अलार्मला आयुष्य असतं, मॉडेलप्रमाणे पाच ते दहा वर्षं, आणि मुदतीची तारीख मागच्या बाजूला छापलेली असते. सेकंडहँड गाडीत ती उलटून गेलेली सापडणं नवलाचं नाही. आणखी एक. जनरेटरची वायर घराच्या प्लगमध्ये उलटी खोचून अख्ख्या घराला वीज देण्याची युक्ती काही जण करतात. ती वीज बाहेरच्या तारांत जाते आणि खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला मारू शकते. घरातल्या फ्रिजला एक्स्टेंशन वायर लावा, इतकंच.

मुलगा कदाचित म्हणेल, घर पडलं तर महिनोन् महिने यातच राहू. यावर मात्र मी सूनबाईंच्या बाजूने आहे. ऑगस्ट २००५ च्या कॅटरिनानंतर अमेरिकन सरकारच्या फेमा या आपत्ती यंत्रणेने बेघरांसाठी एक लाखाच्या वर ट्रेलर आणि मोबाइल होम घेतली. काही आठवडे फिरायला जाण्यासाठी बनवलेल्या ट्रेलरमध्ये कुटुंबं वर्ष-दोन वर्षं राहिली. डोळे चुरचुरणं, खोकला, नाकातून रक्त, अशा तक्रारी सुरू झाल्या. शेवटी तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने ५१९ ट्रेलर आणि मोबाइल होम तपासली. हवेत फॉर्मल्डिहाइडचं सरासरी प्रमाण अब्जात ७७ भाग निघालं, बाहेरच्या हवेच्या कित्येक पट. प्लायवुड आणि दाबलेल्या भुशाच्या फळ्यांतल्या गोंदातून तो वायू सुटत होता, आणि दारं-खिडक्या लावून एसीत बसलं की साचत होता. हे निष्कर्ष फेब्रुवारी २००८ मध्ये बाहेर आले, तोवर अडीच वर्षं गेली होती. तुमच्या मुलाची गाडी जुनी असेल तर हा त्रास कमी असेल, कारण वायू काळाबरोबर निघून जातो. तरी रोज थोडा वेळ खिडक्या उघडाव्यात, फोडणी देताना तर नक्कीच.

गाडी कुठे उभी करायची हाही प्रश्न आहे, आणि तो लोक शेवटी विचारतात. ८ नोव्हेंबर २०१८ ला कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज गाव वणव्यात जवळपास बेचिराख झालं, पंच्याऐंशी माणसं गेली. वाचलेल्यांनी शेजारच्या चिको शहरात दुकानाच्या पार्किंगमध्ये तंबू आणि गाड्यांत दिवस काढले. काही जण आपल्या जळालेल्या जागेवरच आर.व्ही. लावून राहिले. गावाने आधी त्याला परवानगी दिली आणि मग राखरांगोळी उचलण्याचा केंद्राचा निधी अडकेल म्हणून ती मागे घेतली. आपली जागा, आपली गाडी, तरी राहायचं नाही! ह्यूस्टनच्या उपनगरांत सोसायट्यांचे नियम आणखी कडक असतात. बऱ्याच ठिकाणी दारात आर.व्ही. दोन-चार दिवसांवर ठेवू देत नाहीत. मग ती वीस-तीस किलोमीटरवरच्या भाड्याच्या आवारात ठेवावी लागते. तुमच्या मुलाच्या दारात ती कायम उभी असते की तुम्ही आलात म्हणून आणली होती, ते विचारा. रस्त्यात पाणी भरल्यावर पलीकडे उभी असलेली गाडी तुमच्या कामाची नाही.

भूकंपाचं गणित मात्र उलटं आहे. हलकी, स्प्रिंगांवर बसलेली, डोक्यावर दगड-विटा नसलेली गाडी भूकंपात घरापेक्षा कितीतरी सुरक्षित. किल्लारीचा १९९३ चा भूकंप आठवा. दगड-मातीच्या जाड भिंतींनी माणसं मारली, आणि वाचलेले पुढे कित्येक दिवस धक्क्यांच्या भीतीने उघड्यावर झोपले. जपानमध्ये एप्रिल २०१६ ला कुमामोतोत दोन मोठे धक्के बसले, तेव्हा हजारो लोक घर असूनही मोटारीत झोपले. सीटवर बसल्या बसल्या पाय लोंबकळत राहिल्यामुळे काहींच्या पायांत रक्ताच्या गुठळ्या झाल्या, त्यातून मृत्यूही झाले. पाय पसरून झोपता येणारा पलंग ही अशा वेळी चैन राहत नाही. पण ह्यूस्टनला भूकंपाची चिंता नाही, म्हणून हे जाता जाता.

आता कोकण. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आहे आणि भाड्याने कॅम्पर व्हॅन मिळतातही. पण फक्त आपत्तीसाठी म्हणून ती घेऊ नका. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला आलं तेव्हा रायगड-रत्नागिरीत माड-पोफळी आडव्या झाल्या, कौलं उडाली, रस्ते झाडांनी बंद झाले आणि काही गावांत लाइट यायला आठवडे लागले. वाडीत उभी व्हॅन त्याच माडाखाली सापडली असती, आणि वाचली असती तरी रस्त्यावर येऊ शकली नसती. घरच्या घरी टेम्पो घेऊन त्यात पलंग-ओटा ठोकावा म्हणाल, तर आरटीओच्या मंजुरीशिवाय गाडीच्या रचनेत असा बदल कायद्याला चालत नाही. त्या पैशांत कौलांखाली एक स्लॅबची खोली, चांगला इन्व्हर्टर, छोटं सोलर पॅनल, जादा सिलिंडर आणि विहिरीवर हातपंप बसवा. आणि खरं सांगायचं तर आपल्याकडे आडवेळी जायला मामाचं, मावशीचं, गेला बाजार शेजाऱ्यांचं घर असतं. तुमच्या मुलाने ती गाडी घेतली त्यामागे हेही असावं. ह्यूस्टनपासून दोनशे किलोमीटरवर त्याची मावशी राहत नाही.

तेव्हा गाडी ठेवू दे, आणि सूनबाईंना सांगा की वारा सुटल्यावर कोणी तिच्यात बसणार नाही असं ठरवून घ्या. पुढच्या मे महिन्यात निघण्याआधी मुलाला एक काम सांगा. हरिकेनचा हंगाम १ जूनला सुरू होतो, त्याआधी त्याने दोन रात्री दारातच, घराची वीज आणि नळ न वापरता, सगळ्यांना घेऊन गाडीत काढाव्यात. काय संपतं, काय बिघडतं ते तेव्हाच कळेल. आणि आजच व्हॉट्सॲपवर एक फोटो मागवा, टायरच्या बाजूवर डी.ओ.टी. या अक्षरांनंतर शेवटी चार आकडे असतात त्यांचा. २३१८ असेल तर तो टायर २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी कितीही खोल दिसत असली तरी सहा-सात वर्षांपुढचा टायर भर उन्हात, भरल्या गाडीखाली फुटू शकतो. तो असेल तर पाऊस लागायच्या आत बदलून घ्यायला सांगा.